संताने धाडलेले सायकलचे बूट

९ नोव्हेंबर

प्रिय हार्म,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन, आधी ऐकून घे. मी चरात पडले.

बातमी तुझ्यापर्यंत आली असेलच, कारण शेजारच्या लुब्बर्टने ती बेकरीत सांगितली, आणि आमच्याकडे बेकरीत सांगितलेली गोष्ट मेप्पेलच्या बाजारात माझ्या सायकलीआधी पोहोचते. त्याच्या बातमीत मी पोहत होते आणि मदतीसाठी ओरडत होते. दोन्ही खोटं. मला पोहता येत नाही, आणि मी ओरडत नव्हते, त्याला शिव्या देत होते.

खरं झालं ते असं. बटाटे आणायला निघाले होते. पायात नेहमीचे लाकडी जोडे. कालव्याच्या वळणावर पायडल ओलं होतं, डावा जोडा सटकला, पाय एकीकडे गेला, मी दुसरीकडे, आणि सायकल माझ्यावर. चरात कमरेइतकंच पाणी आहे, पण नोव्हेंबरातलं. चार बदकं येऊन बघून गेली. तेवढ्यात काठावर लुब्बर्ट. म्हणतो कसा, "फेमी, काही लागतंय का गळाला?" मी म्हटलं, "एक गाढव लागलंय, काठावर उभं आहे. ओढ आता!" मग त्याने बागेतलं दाताळं आणलं आणि मला कोटाला अडकवून बाहेर काढलं. माझा जोडा मेप्पेलच्या दिशेने तरंगत निघाला होता, तोही त्यानेच काढला. पाणी ओतलं, आतबाहेर निरखून बघितला आणि मला परत दिला. तेवढ्या उपकारावर हा माणूस आता हिवाळाभर मला हसणार.

ते मी सोसलं असतं. पण संध्याकाळी रुलीन आली झ्वोलेहून, मोटार घेऊन. पोटची मुलगी, पण बोलायला लागली की वाटतं मीच तिची आहे. "आई, बस झालं. आता वयाकडे बघ." मी म्हटलं, बघते रोज आरशात, त्यात नवीन काही नाही. तर तिने निकालच दिला. आणखी एकदा पडलीस की सायकल विकायची आणि तीनचाकी घ्यायची. हो, तीनचाकी! पुढे टोपली, मागे लाल झेंडा. मार्चमध्ये माझ्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर काय ते ठरवणार आहे. तीन वर्षांची असताना मी तीनचाकीवर बसायचे. बहात्तराव्या वर्षी परत बसले तर पुढच्या वर्षी तुम्ही मला पाळण्यात घालाल.

चेष्टा सोड, हार्म. बाजार, चर्चमधलं गाणं, तुझ्या आतोबांच्या कबरीवर फुलं नेणं, सगळं मी सायकलवर करते. कुणाला विचारावं लागत नाही, कुणाची वाट बघावी लागत नाही. ते गेलं तर मी या घरात नुसती ठेवलेली वस्तू होईन. मला त्याची भीती वाटते. हे फक्त तुला सांगते आहे. वाढदिवसाला तू ये आणि माझ्या बाजूने बोल.

फोन करू नकोस. आमची दोन घरं एका भिंतीची आणि लुब्बर्टचे कान त्याच भिंतीचे.

आता आशीर्वाद.

तुझी,
फेमीआत्या


१६ नोव्हेंबर, उत्रेख्त

प्रिय फेमीआत्या,

तुझं पत्र वाचून आधी काळजी वाटली, मग हसलो, मग हसल्याची लाज वाटली. या क्रमाबद्दल माफ कर. वाढदिवसाला येईनच, तुझ्या बाजूने बोलेनही. पण रुलीनताईसमोर माझं बोलणं म्हणजे तुला माहीत आहे. लहानपणी तिने मला कोंबड्यांच्या खुराड्यात कोंडलं होतं, तेव्हासुद्धा मी आतून "थँक्यू" म्हटलं होतं.

एक सुचवू का? रागावू नकोस. मी रोज कचेरीत जातो ते बूट खास सायकलसाठी केलेले आहेत. शर्यतीवाल्यांचे नव्हेत, रोजचे, साधे. दिसायलाही साधेच. तेच घालून मी भाजी आणतो, तेच घालून साहेबासमोर बसतो. तळ जरा कडक असतो, म्हणून पायडल पायाला रुतत नाही, आणि खालचं रबर असं की पावसात पाय सटकत नाही. नाडीची टोकं एका पट्टीखाली जातात, साखळीत अडकत नाहीत. तुला असा एक जोड आणून दिला तर? लाकडी जोडे बागेत वापर ना.

तुझा,
हार्म


२१ नोव्हेंबर

प्रिय हार्म,

सायकलसाठी बूट! मग सूप पिण्यासाठी टोपी मिळते का रे? आणि शिंकण्यासाठी हातमोजे?

मी तुझं पत्र स्वयंपाकघरात मोठ्याने वाचलं आणि इतकी हसले की भिंतीवर टकटक झाली. अरे, या देशात मूल आधी सायकलवर बसतं आणि मग चालायला शिकतं. मी लग्नाला उंच टाचांच्या पांढऱ्या चपला घालून सायकलवर गेले, नवरदेव मागे कॅरिअरवर, माझी कंबर धरून. रुलीनच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा सुईणीकडे घरातल्या सपाता घालून गेले. कुठल्या पायडलने मला कधी विचारलं नाही, की बाई, पायात काय आहे? सटकलं ते पायडल. जोडा नव्हे.

तुम्ही शहरातली माणसं. साधी कॉफी प्यायची तर तिला सात नावं, आणि दुकानात जायचं तर त्याला वेगळा बूट. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तसला जोड मला पाठवलास तर त्यात मी फुलांचे कांदे लावीन आणि दारात ठेवीन. रुलीनला कळलं की सायकल चालवायला मला औषधी बूट लागतात, तर ती तीनचाकी उद्याच आणेल.

संत निकोलासच्या सणाला नेहमीप्रमाणे संताच्या नावाने साबण पाठव. कुणी पाठवला म्हणून मी नेहमीप्रमाणे आश्चर्य करीन.

फेमीआत्या


६ डिसेंबर, उत्रेख्त

प्रिय आत्या,

काल सणाची संध्याकाळ कशी गेली? संताने साबण पोहोचवला का? आणखी काही आणलं का? सहज विचारतो आहे. अगदीच सहज.

हार्म


८ डिसेंबर

हार्म,

सहज विचारतोस आणि इथे माझं रक्त उकळतंय!

साबण मिळाला. लव्हेंडर. याही वर्षी. संताला धन्यवाद.

आता पुढचं ऐक. पाच तारखेला मी गाण्याच्या सरावाहून आले, वाटाण्याचं सूप गरम करायला ठेवलं, आणि दारावर तीन दणके. संताचे दणके ऐकले की अजून मी लहान मुलीसारखी पळते. दार उघडलं तर उंबऱ्यावर तागाचं पोतं, आणि कुंपणावरून पलीकडे जाणारी एक मोठी मळकी पॅन्ट. पॅन्ट कुंपणाला अडकली, काहीतरी टर्रकन फाटलं आणि मग नाहीशी झाली. तसली पॅन्ट आमच्या रस्त्यावर एकाचीच आहे.

पोत्यात काय? बूट! गडद निळे, नाडीवर पट्टी, खाली काळं चिकट रबर. आणि वर ही कविता. सणाची कविता टोचणारी असायचीच, माझं काही म्हणणं नाही. पण ऐक:

ओढ्यात पोहतं बदक, मागून पोहते फेमी,
लाकडी जोडा तरंगे वर, सायकल तळाला नेहमी!
आंघोळीला न्हाणीघर असतं, संत म्हणतो, बाई,
पायात हे घाल, ओढ्याला तुझी एवढी काही गरज नाही.

"सायकल तळाला नेहमी!" एकदा पडले मी, एकदा! आणि चौथी ओळ बघ, तिला तर वाहतूक पोलीसच हवा.

तू म्हणशील, लुब्बर्टला असले बूट कसे सुचले? मी तुझं पत्र मोठ्याने वाचलं ना! भिंतीला कान लावून सगळं ऐकलं त्याने. आणि माप? बरोबर माझंच. कसं कळलं? माझा जोडा चरातून काढून दिला तेव्हा आतबाहेर निरखत होता तो. तेव्हाच मला वाटलं होतं, हा माणूस जोड्याकडे इतका वेळ काय बघतोय! सगळं जुळलं. मला कुणी फसवू शकत नाही.

आता पंचाईत अशी, की त्याला विचारता येत नाही. संताने दिलं म्हणजे संताने दिलं. देणारा कोण ते विचारायचं नाही, त्याने सांगायचं नाही, हे पाळायला आम्ही पाळण्यात असताना शिकलो. पण परतफेड करायला कुणी मनाई केलेली नाही. मी लहान मुलांची पोहायची रबरी रिंग आणली आहे, पिवळी, वर बदकाचं तोंड. उद्या त्याच्या दाराला अडकवते. सण झाला की संत घोड्यावरून परत जातो, पण घोडा मागे राहिला म्हणू.

बूट कपाटात टाकलेत. कांदे मार्चमध्ये लावीन.

फेमीआत्या


१४ डिसेंबर, उत्रेख्त

प्रिय आत्या,

इतकी रागावू नकोस. लुब्बर्टकाकाच असतील कशावरून? संत मोठा आहे, त्याचे हात लांब आहेत. पॅन्ट कुणाचीही फाटते.

पण समजा, तेच असतील. मग तू बूट कपाटात टाकलेस तर त्यांना काय वाटेल? की फेमीला लागलं. कविता झोंबली. उलट तू ते घालून त्यांच्या खिडकीसमोरून ऐटीत सायकलवर गेलीस, तर त्यांचाच फजितवाडा. मी असतो तर एकदा तरी घातले असते. फक्त त्यांना दाखवायला. एकदाच.

आणि कविता इतकी वाईट नाहीये. चौथी ओळ मला तरी आवडली.

हार्म


१० जानेवारी

प्रिय हार्म,

नवीन वर्षाचे आशीर्वाद. तू मंद आहेस, पण कधीकधी मंदांच्या तोंडून शहाणपण निघतं.

घातले मी बूट. फक्त त्याला जळवायला. त्याच्या खिडकीसमोरून एकदा गेले, परत आले, पुन्हा गेले. तो खिडकीत उभा, हातात कप, चेहऱ्यावर काही नाही. मग म्हटलं, आता घातलेच आहेत तर बाजार करून येते.

हार्म, तुला म्हणून सांगते. पाय हलत नाही. भुरभुर होती, पायडल ओलं होतं, समोरून वारा होता (इथे जाताना समोरून आणि येतानाही समोरूनच, पळसाला पाने तीनच), आणि पाय जिथे ठेवला तिथे राहिला. गुडघा दुखला नाही. कालव्याच्या त्या वळणावर उतरून चालायचं ठरवलं होतं, पण वळण संपल्यावर आठवलं की वळण येऊन गेलं. बाजारात चीजवाल्याने बुटांकडे ढुंकूनही बघितलं नाही. हे मला फार आवडलं. टाचेवर एक पट्टी आहे, मोटारीचा दिवा पडला की चमकते. गाण्यातली हेन्नी म्हणाली, फेमी, तुझ्या टाचा तुझ्याआधी घरी पोहोचतात.

रबरी रिंगचं काय झालं ते सांगायचं राहिलं. लुब्बर्टने ती काढली नाही. नाताळात दारावर हिरव्या फांद्यांची माळ लावतात ना, तशी मधोमध टांगली आणि खाली लाल रिबीन बांधली. मला म्हणाला, "संताची दृष्टी चांगली आहे." मी म्हटलं, "हो ना. बुटांच्या बाबतीतही." त्याने रिबिनीची गाठ सारखी केली. त्याच्या जागी तू असतास तर सगळं भडाभडा ओकला असतास. लहानपणी तुझ्या पोटात चॉकलेट राहायचं, गुपित नाही.

उघड आभार मानता येत नाहीत, म्हणून शुक्रवारी मी सफरचंदाचा केक अर्धा त्याच्या पायरीवर ठेवते. बायको गेल्यापासून त्याच्या घरात भट्टी पेटलेली नाही. आता गाण्यालाही दोघं बरोबर जातो सायकलवर. तो बेसूर आहे, पण वाऱ्याच्या बाजूने चालवतो आणि मला आडोसा देतो. माणूस वाईट नाही. माझ्या पायाचा एवढा विचार आजवर कुणी केला नव्हता. तुझे आतोबा चांगले होते, पण लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी मला फावडं दिलं होतं. आणि तू, बाळा, साबण.

रुलीन रविवारी येऊन गेली. म्हणाली, "आई, तू हल्ली आवाज न करता चालतेस, मला भीती वाटते." तीनचाकीची जाहिरात तिने फ्रिजवर लावली आहे. ती माझ्या पडण्याची वाट बघते आहे आणि मी मार्चची.

फेमीआत्या


१९ जानेवारी, उत्रेख्त

आदरणीय लुब्बर्टकाका,

हे पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. वाटणारही नाही कदाचित.

बूट मी पाठवले होते. माप मी शरद ऋतूत आलो तेव्हा आत्याच्या शेडमधल्या लाकडी जोड्याचं घेतलं होतं. ती रोज ओल्या पायडलवर ते घालते, हे बघून तेव्हाच मनात आलं होतं. समोरून दिले असते तर तिने कांदे लावले असते, म्हणून संताच्या नावाने पाठवले. ते तुमच्या नावावर कसे जमा झाले मला कळत नाही, पण आता मला राहवत नाही. दरवर्षी मी साबण देतो. आयुष्यात एकदा तिच्या उपयोगाचं काही दिलं, आणि ती लिहिते की माझ्या पायाचा एवढा विचार आजवर कुणी केला नव्हता. कुणी म्हणजे तुम्ही! काका, मी ती ओळ वाचून ऑफिसात रडलो, आणि थोडं रागाने.

मी तिला खरं सांगणार आहे. तुम्हाला आधी कळवणं बरं, म्हणून हे पत्र.

आपला,
हार्म


२७ जानेवारी

चि. हार्म,

मी आयुष्यभर कालव्यावरचा पूल उघडला आणि बंद केला. त्या कामात बोलावं लागत नाही. त्यामुळे पत्र लिहायची सवय नाही. समजून घे.

तुझं पार्सल माझ्याकडे आलं, कारण फेमी गाण्याला गेली होती, आणि या देशात कुरिअरवाल्याला शेजारी म्हणजे पोस्ट ऑफिस वाटतं. खोक्यावर तुझं नाव होतं. आतलं पोतं बघून मी ओळखलं की काम संताचं आहे. म्हणून खोकं काढून टाकलं, पोतं दारात ठेवलं, दणके दिले आणि पळालो. पळालो म्हणजे माझ्या वयाच्या मानाने. पॅन्ट कुंपणाला अडकली हा माझा दोष. चांगली पॅन्ट होती.

मी एकदाही खोटं बोललेलो नाही. तिने विचारलेलं नाही. विचारायचं नसतं. ती केक आणून ठेवते आणि स्वतःच्या बुटांकडे बघते. मी केक खातो आणि तिच्या बुटांकडे बघतो. यात मी काय सांगायला हवं होतं?

पण आता तू सांगायला निघालास म्हणून दोन गोष्टी. पहिली, फेमीला कळलं की भाच्याने तिला फसवून शहाणं केलं, तर बूट कालव्यात जातील आणि लाकडी जोडे परत येतील. मग तीनचाकी आलीच. तू तिला पत्रांतून ओळखतोस, मी शेजारी राहतो. नीट विचार कर.

दुसरी गोष्ट माझी आहे. माझी बायको खीर्ट्ये गेल्यापासून माझ्या दाराशी फक्त कुरिअरवाले यायचे, तेही दुसऱ्याची पार्सलं घेऊन. शुक्रवारी केक येतो. गाण्याला जाताना कुणीतरी शेजारून सायकल चालवतं आणि मी बेसूर आहे असं सांगतं. मला हे फार बरं वाटतं. हे श्रेय तुझं आहे, मी चोरलं, मला माहीत आहे. परत मागितलंस तर देईन. मागू नकोस अशी विनंती.

कवितेची चौथी ओळ लंगडी आहे. तिच्यावरून मी दर आठवड्याला बोलणी खातो. तेवढी शिक्षा पुरे समज.

लुब्बर्ट


२ फेब्रुवारी, उत्रेख्त

लुब्बर्टकाका,

नाही सांगत. केक खा. कालव्याच्या वळणावर तिच्या पाण्याकडच्या बाजूने सायकल ठेवत जा.

चौथी ओळ लंगडी नाही. तुम्ही दोघं ती चुकीची वाचता.

हार्म


११ मार्च, उत्रेख्त

प्रिय आत्या,

तुझ्या वाढदिवसाला मी येऊ शकत नाही आणि मला स्वतःची फार चीड आली आहे. काल एका मित्राच्या लग्नाहून येताना सायकलवरून पडलो. घोटा सुजून भोपळ्याएवढा झालाय. डॉक्टर म्हणतात, पलंगावरून उतरायचं नाही.

तू सांगितलं होतंस, माझ्या बाजूने बोल. ते एकच काम होतं आणि मी घोट्यावर पडलो. आत्या, रुलीनताई काहीही म्हणाली तरी हो म्हणू नकोस. तुझी सायकल राहायलाच हवी. मला तू त्या सायकलशिवाय डोळ्यांसमोर आणताच येत नाही. लगेच कळव काय झालं ते.

वाढदिवसाच्या शुभेच्छा. वाढदिवसांचं कॅलेंडर आपण सगळेच संडासात टांगतो; माझ्या घरच्या कॅलेंडरवर तुझंच नाव सगळ्यात मोठ्या अक्षरात आहे.

हार्म


१७ मार्च

प्रिय हार्म,

तू काय काय चुकवलंस ते ऐक, म्हणजे घोट्याहून जास्त दुखेल.

खुर्च्या गोल मांडल्या होत्या. सगळे आले, रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं, मी कॉफी दिली आणि एकेक बिस्कीट दिलं आणि डबा बंद केला. रुलीन उशिरा आली, आणि मोटारीच्या मागे गाडा. गाड्यावर तीनचाकी! लाल, वर रिबीन. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. मी कॉफीचा कप खाली ठेवला. मी पडले नव्हते, हार्म. एकदाही नाही. तरी ती घेऊन आलीच.

मी म्हटलं, "मी पडले नाहीये." ती म्हणाली, "पडण्याआधीच घ्यायची असते, आई. पडल्यावर काय उपयोग?" गोलातल्या अर्ध्या माना हलल्या. दुसऱ्याच्या सायकलबद्दल माना पटकन हलतात. मी सरळ म्हटलं, "रुलीन, यावर बसले तर मी म्हातारी होईन." ती म्हणाली, "किती सोपी आहे ते तरी बघ. मी दाखवते." आणि बसली.

आता गंमत अशी, की आपली रुलीन जन्मापासून दोन चाकांवर. दोन चाकांवर माणूस वळताना अंग झुकवतो, सायकल आपोआप वळते. तीनचाकी झुकत नाही. तिचं हँडल वळवावं लागतं. आपल्यातल्या कुणालाही हे सांगून पटत नाही, हाडात मुरलेलं असतं. रुलीन ऐटीत निघाली, वळणावर आली, अंग झुकवलं. रुलीन वळली. तीनचाकी सरळ गेली. समोर चर.

झेंडा तेवढा वर राहिला.

सगळा गोल बिस्किटं घेऊन दारात उभा. कुणी हलेना. मी धावले. उतार चिखलाचा, ओल्या गवताचा, पण हे बूट! खाली पाय रोवला तो रोवलाच. मी रुलीनचा हात धरला, लुब्बर्टने माझी कंबर धरली, आणि ओढली बाहेर. जन्म दिला तेव्हासुद्धा इतकी जोरात आली नव्हती. लुब्बर्ट तिला म्हणाला, "काही लागतंय का गळाला?" मी खूप प्रयत्न केला, पण हसले.

मग रुलीन माझा गुलाबी गाऊन घालून गोलात बसली, केसांतून पाणी टपकतंय. तेवढ्यात हेन्नी आली उशिरा. तिला काय माहीत? तिने रुलीनचा हात हातात घेतला, "आईच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन गं! पोहून आलीस वाटतं?" रुलीन आधी रडली, मग हसायला लागली, आणि मग थांबेचना. मी डबा परत उघडला आणि तिला दुसरं बिस्कीट दिलं. माझ्या हयातीत हे पहिल्यांदा.

नंतर ती माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "आई, तू घसरली कशी नाहीस? हे कुठले बूट?" मी म्हटलं, "संताने दिले." सगळ्यांनी लुब्बर्टकडे बघितलं. लुब्बर्टने बिस्किटाकडे बघितलं. मग रुलीन म्हणाली, "सायकल राहू दे तुझी. मी उगाच घाबरत होते. बाबांनंतर तुलाही काही झालं तर मी काय करू?" एवढंच होतं तिच्या पोटात. मला आधी कळलं असतं तर मी तिच्याशी इतकी भांडले नसते. थोडी भांडले असते.

तीनचाकी लुब्बर्टने शेणखत वाहायला मागून घेतली. झेंड्यासकट. लाकडी जोड्यांत मी नार्सिससचे कळ्या धरलेले कांदे लावलेत, दारात दोन्ही बाजूंना. पिवळी फुलं आली आहेत.

आता तुझ्याबद्दल. लग्नाहून येताना पडलास. पायात काय होतं? खरं सांग. गुळगुळीत तळव्याचे लग्नातले बूट ना? मला माहीत होतं! अरे, तू मला शिकवत होतास ना नोव्हेंबरात? लोका सांगे ब्रह्मज्ञान! सायकलवर बसताना सायकलचे बूट घालावेत. तळ कडक असतो, रबर सटकत नाही, नाडी साखळीत जात नाही. मला विचार, मी रोज घालते.

एक काम कर. असले बूट कुठल्या दुकानात मिळतात ते शोध, रुलीनलाही हवेत. लुब्बर्टकडून काही निघणार नाही, तो माणूस म्हणजे विहीर. त्याच्याकडून शीक काहीतरी. किती महिने झाले, एवढी मोठी गोष्ट केली माझ्यासाठी, आणि चेहऱ्यावर कधी दिसू दिलं नाही. तुला जमलं असतं का?

घोट्याला कोबीचं पान बांध. आशीर्वाद.

फेमीआत्या


२१ मार्च, उत्रेख्त

प्रिय आत्या,

तू दोन चाकांवर राहिलीस हे वाचून मी पलंगावरच उडी मारली. डॉक्टरांना सांगू नकोस.

तुझं बरोबर आहे. मला जमलं नसतं.

रुलीनताईसाठी दुकान शोधतो, तिच्या पायाचं माप कळव. लुब्बर्टकाकांना नमस्कार सांग, आणि त्यांच्या शुक्रवारच्या केकमधून एक तुकडा कधीतरी माझ्यासाठी ठेव. का ते विचारू नकोस.

डिसेंबरात साबण पाठवतो. लव्हेंडरचा.

तुझा,
हार्म